एक काडतूस कमी

"मी ते काडतूस वापरलंच नाही, देवयानीताई. आईशप्पथ नाही वापरलं!"

अंशुमनने हे तिसऱ्यांदा सांगितलं आणि उदयने चिवड्याची बशी तिसऱ्यांदा त्याच्यापुढे सरकवली. माणूस रडवेला झाला की आधी त्याला खायला घालावं, हे उदयचं साधं शास्त्र होतं.

देवयानीचं शास्त्र वेगळं होतं. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये ती खाजगी गुप्तहेर म्हणून काम करायची. बहुतेक कामं गाड्यांच्या इन्शुरन्स क्लेम्सची, खरं-खोटं निवडायची. उदय तिचा नवरा. लवकर रिटायर झाल्यापासून तो तिची गाडी चालवायचा आणि स्वतःला असिस्टंट म्हणवून घ्यायचा. ही पदवी त्याला दिली कोणी, हे मात्र विचारू नका.

"पहिल्यापासून सांग," देवयानी म्हणाली.

अंशुमन मूळ नागपूरचा, इथे डेटाबेस सांभाळायचा. शहराबाहेरच्या हॅझलकॉट फार्मवर म्हाताऱ्या हेन्री अ‍ॅशबींनी त्याला हरणांची शिकार शिकवली होती. ही काही मौजेची शिकार नव्हे. इथल्या रानात लांडगे उरले नाहीत, हरणांचे कळप वाढतात आणि शेतं फस्त करतात, म्हणून लायसन्स काढलेल्या माणसांनी ते आटोक्यात ठेवायचे. हेन्री या वसंतात वारले. तरी मिसेस अ‍ॅशबींनी अंशुमनला येऊ दिलं. अट एकच, शिशाची गोळी वापरायची नाही. कारण मांस गावातल्या शाळेच्या किचनला जायचं.

"शिसं का नको?" उदयने विचारलं.

"काका, शिशाची गोळी आत गेली की फुटते. बारीक कण मांसात पसरतात, डोळ्यांना दिसतही नाहीत. तांब्याची गोळी फुलते, पण अखंड राहते. मी या उन्हाळ्यात रायफल घेतली, ती पहिल्यापासून तांब्यावरच जुळवली. दोन वीकेंड नुसता कागदी टार्गेटवर नेम धरत होतो."

"काडतूस कुठलं?" देवयानीने विचारलं.

"थ्री-ओ-एट. हेन्रींचंही तेच. काडतूस निवडताना मी पार गोंधळलो होतो हो, इंटरनेटवर शंभर मतं! कोणी म्हणे हलकं घे, कोणी म्हणे वेगवान घे. हेन्री म्हणाले, इथलं मुंटजॅक हरीण कुत्र्याएवढं, फॅलो वासराएवढं. दोघांनाही चालेल, कायद्यात बसेल आणि जवळच्या दुकानात मिळेल असं एकच काडतूस घे. वेगाची फुशारकी नको. जनावराला दुसरी गोळी घालायची वेळ येऊ नये, बस्स." अंशुमनने बशी बाजूला सारली. "सप्टेंबरात मी एक मोठा काळा फॅलो नर मारला. एका गोळीत. मांस कापताना खाटकाला त्याच्या मागच्या मांडीत गोळी सापडली. थ्री-ओ-एट. शिशाची."

"तुझ्याकडे शिशाची काडतुसं आहेत?"

"तीच तर बोंब आहे ना! गेल्या नोव्हेंबरात माझं बंदुकीचं सर्टिफिकेट आलं, त्या दिवशी हेन्रींनी मला त्यांचा एक डबा दिला. आठवण म्हणून ठेवलाय, कुलपात. मिसेस अ‍ॅशबींनी विचारलं तेव्हा मीच उघडून दाखवला. त्यात एक खण रिकामा होता. दिला तेव्हाच एक कमी होतं, पण हे आता कोण मानणार?"

उद्या सकाळी मिसेस अ‍ॅशबी पोलिसांच्या फायरआर्म्स विभागात तक्रार करणार होत्या. म्हणजे सर्टिफिकेट गेलंच.

"सर्टिफिकेट जाऊ दे हो, ताई," अंशुमन म्हणाला. "माझे बाबा गेले तेव्हा पासपोर्ट व्हिसासाठी अडकला होता. जाता आलं नाही. हेन्री आणि मिसेस अ‍ॅशबींनी मला घरी नेलं आणि दिवसभर माझ्याजवळ बसून राहिले. त्या बाईला वाटतंय की मी तिच्याशी खोटं बोललो. तेवढं फक्त पुसून टाका."

देवयानी उठली. "उदय, गाडी काढ."

*

चार राउंडअबाउट नीट गेले, पाचव्याला उदय नेहमीप्रमाणे चुकीच्या रस्त्याला वळला, पण पोचले एकदाचे.

फार्मवर आधी भेटला कॉलिन, मिसेस अ‍ॅशबींचा पुतण्या. शेतीचा कारभार तोच बघायचा. गॅरेजच्या भिंतीवर त्या काळ्या नराचं शिंगांसकट डोकं लावलेलं होतं.

"सरळ गोष्ट आहे," कॉलिन म्हणाला. "त्याने पहिली गोळी शिशाची झाडली. ती लागली मांडीत. मग घाबरून दुसरी तांब्याची झाडली आणि आम्हाला सांगितलं, एकच."

"तुम्ही आवाज ऐकलेत?"

"मी त्या दिवशी लीड्सला होतो. आणि मी स्वतः बंदूक हातात धरत नाही, आवाज सोसत नाही मला. माझा बेत वेगळा आहे. पैसे देणारे शिकारी पाहुणे आणायचे. हा नर त्यांच्यासाठीच राखला होता."

देवयानी शिंगांकडे बघत होती. डावं शिंग पसरलेल्या पंजासारखं रुंद होतं. उजवं मात्र खुरटं, वाकडंतिकडं.

"हे असंच होतं?"

"छे! गेल्या वर्षी दोन्ही झकास होती. काळा नर इथे हा एकच, त्यामुळे ओळखू यायचा. वसंतात जुनी शिंगं गळतात, नवी येतात. यंदा हे असं आलं. नशीब माझं, दुसरं काय."

गाडीत बसताच उदयने निकाल देऊन टाकला. "हाच! अंशुमनला हाकलायचं म्हणून यानेच गोळी मांडीत खुपसली. लिहून घे."

"कॉलिन लोभी आहे, उदय. लोभी माणूस खोटारडा असतोच असं नाही."

"पण असू शकतो की नाही?"

"तू गाडी चालव."

*

खाटीक ग्रॅहम गावातच होता. त्याने त्या नराचं कातडं मीठ लावून ताणून ठेवलं होतं. मुलीला त्याचा रग करायचा होता.

"गोळी मलाच सापडली," तो म्हणाला. "डावी मांडी सोडवत होतो, सुरी अडली. गोळीभोवती पांढरं, चिवट काहीतरी होतं, बुटाच्या तळव्यासारखं. मला वाटलं, शीर असेल. कुत्र्याला टाकलं. कॉलिन उभाच होता तिथे, त्याने गोळी खिशात घातली आणि गेला."

म्हणजे खुपसाखुपशीचा प्रश्नच नव्हता. उदयने मनातल्या मनात कॉलिनची बेडी सोडली, पण जरा नाखुशीनेच.

"कातड्याला भोकं किती आहेत, बघ ना रे," देवयानी म्हणाली.

उदयने चष्मा पुसून नीट पाहिलं. "दोन. एक या बाजूच्या बरगड्यांपाशी, एक त्या बाजूच्या."

"छातीतून आरपार," ग्रॅहम म्हणाला. "फार स्वच्छ नेम. जनावराला कळलंही नसेल."

"आणि डाव्या मांडीवर?"

"भोक नाही," उदय म्हणाला. "नुसता पांढऱ्या केसांचा एक पुंजका आहे. अख्खा काळा नि तेवढाच पांढरा. बाळाला तीट लावतात ना, तसा, फक्त रंग उलटा."

देवयानी हसली. उदयला बरं वाटलं. आपण नेमकं काय शोधलं ते त्याला कळलं नव्हतं, पण काहीतरी शोधलं होतं खास.

*

मिसेस अ‍ॅशबींनी चहा दिला, पण चेहरा काही सैल सोडला नाही. टेबलाखाली त्यांची म्हातारी लॅब्रॅडॉर बिस्किट घोरत होती.

"शाळेला मी शब्द दिला होता," त्या म्हणाल्या. "मुलं जेवतात तिथे. अंशुमनने येऊन सांगितलं असतं, चूक झाली, तर मी ते सगळं मांस फेकून दिलं असतं आणि त्याला माफही केलं असतं. पण खोटं?" त्यांनी कप बशीत ठेवला. यात राग कमी आणि दुःखच जास्त आहे, हे उदयलासुद्धा कळलं.

"तुमच्या मिस्टरांनी शिकार कधी थांबवली?" देवयानीने विचारलं.

"गेल्या वर्षी, ऑक्टोबरच्या अखेरीस. एका संध्याकाळी घरी आला, रायफल कुलपात ठेवली आणि म्हणाला, मार्गरेट, आता पुरे. मी म्हटलं, बरं झालं, वय झालं. मग तो रोज बिस्किटला घेऊन रानात फिरायला जायला लागला. पाऊस असो, वारा असो."

"बिस्किट मोकळी?"

"तेच तर! जन्मभर मोकळी फिरली, आणि त्या महिन्यात हेन्री तिला लांब दोरी बांधून न्यायचा. मी हसायचे, ती म्हातारी पळून कुठे जाणार आहे? तो काही बोलायचा नाही."

देवयानीने हळूच कप खाली ठेवला. "मिसेस अ‍ॅशबी, कॉलिनला बोलवाल? आणि उदय, तू ग्रॅहमला कातड्यासकट घेऊन ये. येताना अंशुमनलाही घे."

*

थोड्या वेळाने सगळे त्या स्वयंपाकघरात जमले. अंशुमन दाराशीच उभा राहिला. मिसेस अ‍ॅशबींनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"कॉलिन म्हणतात, अंशुमनने दोन गोळ्या झाडल्या," देवयानीने सुरुवात केली. "तर मग या कातड्यावरचं तिसरं भोक दाखवा."

कॉलिनने कातडं उलटसुलट केलं. भोकं दोनच.

"छातीतून आरपार गेलेली ती अंशुमनची गोळी. मग मांडीतली गोळी कातडं न फाडता आत शिरली कशी?"

"पण ती आत होती!" कॉलिन म्हणाला.

"होती ना. शिरताना तिने कातडं फाडलंही होतं. ते नंतर भरून आलं." देवयानीने पांढऱ्या पुंजक्यावर बोट ठेवलं. "जुन्या जखमेवर केस बरेचदा असे पांढरे उगवतात. आणि ग्रॅहम, तुमची सुरी अडली ती शीर नव्हती. शरीर बाहेरच्या वस्तूभोवती अशी गाठ बांधतं. त्याला काही महिने लागतात."

ग्रॅहमने कपाळावर हात मारला.

"म्हणजे जुनी गोळी?" उदय म्हणाला. "मग किती जुनी?"

"ते शिंगांनी सांगितलं. हरणं गाड्यांना धडकतात, त्याचे कितीतरी क्लेम मी हाताळलेत. एका व्हेटनेच, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरनेच, मला हे शिकवलं होतं. हरणाचा मागचा पाय दुखावला की पुढच्या खेपेला विरुद्ध बाजूचं शिंग बरेचदा वाकडं येतं. इथे डावी मांडी, उजवं शिंग. कॉलिन, तुम्हीच सांगितलंत, गेल्या वर्षी दोन्ही शिंगं झकास होती. म्हणजे गोळी लागली ती गेल्या वर्षी ती शिंगं पूर्ण वाढल्यानंतर आणि यंदाची उगवण्याआधी. तेव्हा अंशुमनकडे रायफलच नव्हती. ती त्याने या उन्हाळ्यात घेतली. कॉलिन बंदूक धरत नाहीत. मग इथे थ्री-ओ-एट कोण चालवत होतं?"

देवयानी दाराकडे वळली.

"गोळी झाडली आणि जनावर पडलं नाही, तर शिकारी काय करतो, अंशुमन?"

"शोधतो," अंशुमन पुटपुटला. "सापडेपर्यंत. कुत्र्याला लांब दोरीवर घेऊन, रक्ताच्या वासावर." आणि बोलता बोलताच त्याला उमगलं. त्याने तोंडावर हात ठेवला.

"हेन्रींनी नवा डबा उघडला होता," देवयानी शांतपणे म्हणाली. "त्यातलं एकच काडतूस वापरलं. ते चुकीच्या जागी लागलं. जो माणूस शिष्याला शिकवतो की दुसरी गोळी घालायची वेळ येऊ नये, त्याच्या हातून हे झालं. त्यांनी रायफल कुलपात टाकली, उरलेला डबा अंशुमनला दिला, आणि महिनाभर पावसात त्या नराला शोधत राहिले. तो रिकामा खण त्यांचाच, मिसेस अ‍ॅशबी. अंशुमन तुमच्याशी एक शब्दही खोटं बोललेला नाही."

मिसेस अ‍ॅशबींनी टेबलाखाली वाकून बिस्किटच्या डोक्यावर हात ठेवला.

"मला सांगितलं नाही त्याने," त्या म्हणाल्या. "त्या महिन्यात झोपायचा नाही. मला वाटायचं, म्हातारपण. तो बिचारा समजत होता की ते जनावर कुठेतरी तडफडून मेलं. तेच मनात घेऊन गेला."

"पण ते मेलं नव्हतं, मॅडम," ग्रॅहम म्हणाला. "दोन बोटं चरबी होती त्याच्या अंगावर. मस्त चरत होतं. इतकं धष्टपुष्ट फॅलो मी यंदा दुसरं पाहिलं नाही."

"आणि माझ्या लक्षात यायला हवं होतं," कॉलिन म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "सॉरी, अंशुमन. मी बघितलं तेवढंच धरून बसलो."

अंशुमनने नुसती मान हलवली.

मिसेस अ‍ॅशबी उठल्या आणि त्यांनी खुंटीवरचा कोट काढला. "तो नर पडला कुठे, अंशुमन? मला दाखव."

सगळेच निघाले. नांगरलेल्या शेताच्या कडेने, ओल्या मातीत बूट रुतवत, ओकच्या झाडांपर्यंत. उदयचे बरे बूट पार वाया गेले, पण तो चकार शब्द बोलला नाही. अंशुमनने एका जागी हात दाखवला. तिथे काहीच नव्हतं. गवत आणि पडलेली पानं.

मिसेस अ‍ॅशबी त्या जागेपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"हेन्री," त्या म्हणाल्या, शेजारच्या खोलीतल्या माणसाला सांगावं तशा, "सापडला हं तो. बरा झाला होता. आणि तुझ्या मुलाने त्याला जराही दुखू दिलं नाही."

देवयानीने तोंड फिरवलं. इतक्या वर्षांत उदयने तिला कामावर असताना डोळे पुसताना पाहिलं नव्हतं. त्याने खिशातला रुमाल काढून दिला. त्या अख्ख्या केसमधलं त्याचं सगळ्यात वेळेवर झालेलं काम तेच असावं.

"मिसेस अ‍ॅशबी," अंशुमन म्हणाला, "तुम्ही दोघांनी माझ्यासाठी जे केलंत, त्याचे मी..."

"पुरे," त्या म्हणाल्या. "आभार मी मानायचे आहेत. त्याचं ओझं तू उतरवलंस, आणि मी तुलाच गुन्हेगार ठरवत होते. मला माफ कर."

मग परतीच्या चिखलाकडे बघून त्यांनी अंशुमनचा दंड घट्ट धरला.

"खालच्या शेतातला गहू हरणं पार तुडवतायत," त्या म्हणाल्या. "शनिवारी किती वाजता येतोस?"