राणीचे डोळे कुणी मिटवले?

दसऱ्याच्या सकाळी गुंदच्या वळणावर वासूच्या जुन्या पिकअपचे दोन्ही हेडलाइट गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या सकाळी धुक्यात गाडी झाडावर जाता जाता वाचली, तेव्हा डेअरीचा निरोप आला: उद्या दिवे नसले, तर दुधाची फेरी गावातल्याच गुणाच्या नव्या गाडीला.

वासूने जोयड्याहून सुमंगलाक्काला बोलावलं. गाड्यांचं वायरिंग करणारी तालुक्यातली ही एकटीच बाई.

"गुणानंच केलंय," वासू म्हणाला. "माझ्या राणीवर जळतोय त्यो."

राणी म्हणजे पिकअप. वय वीस वर्षं, पण सीटवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. पुढे कुणी बसायचं नाही. बायको केशरसुद्धा चिखलाच्या पायांची, म्हणून मागे कॅनांजवळ. खंडेनवमीला पूजा करताना वासूने केशरच्या पाकिटातली शेवटची मखमली टिकली बॉनेटवर लावली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "ही थोरली. घरात हाय ती धाकटी." गाव हसलं. केशर चहा ठेवायला आत गेली.

आताही तिनेच अक्काला पाणी आणून दिलं. तिचं कपाळ मोकळं होतं.

अक्काने फ्यूज बघितला. चांगला. बल्ब चांगले. होल्डरपर्यंत करंट येत होता. मग तिने बॅटरीच्या निगेटिव्हवरून सुटी वायर थेट हेडलाइटला जोडली. दोन्ही दिवे लख्ख लागले.

"अर्थिंग गेलंय. खंडेनवमीला बॉनेट उघडलं व्हतं?"

"व्हय. इंजिनाला हळद-कुंकू लावाया."

"पाने, पक्कड?"

"देवापुढं. दसऱ्यापतोर कोण उचलतंय? गुणाची बी तशीच."

अक्काने काळी वायर चाचपत दिव्यामागची, दोन्ही दिव्यांच्या अर्थिंगची एकच पिन गाठली. वायर कुठे कापलेली नव्हती, पकडीचा ओरखडाही नव्हता. तिने पिन उपसली आणि हाती लागलेलं मुठीत दाबलं. बॉनेटवरच्या कुंकवात मधोमध एक गोल कोरी जागा होती.

"तू दुरुस्ती करताना टॉर्च कोण धरतं?"

"केशर. दुसरं कोण?"

गुणालाही बोलावलं. तो हाताची घडी घालून उभा राहिला.

"हत्यारं देवापुढं असताना हे काम झालंय," अक्का म्हणाली. "म्हणून नुसत्या हातानं. पिन काढली, तिच्यावर हे गुंडाळलं, परत बसवली. गाडीला गचका बसला की अर्थिंग तुटतंय. गुणा नव्हं. कुठली पिन, ते फक्त टॉर्च धरणारीला म्हाईत."

तिने मूठ उघडली. आत चुरगळलेली मखमली टिकली.

वासू तावातावाने वळला आणि केशरच्या कपाळाकडे बघून थबकला. ते किती दिवस मोकळं होतं, त्याला सांगता आलं नसतं.

"मीच केलं," केशर म्हणाली. "माझीच टिकली लावून तिला नटवलंसा. जळले मी. पर तुमी झाडावर जाशीला असं वाटलं नव्हतं. आज सकाळपासनं काढाया बघतेय, तर तुमी तिच्यापासनं हलतच न्हाई."

गुणा हिरमुसून परत गेला. फेरी त्याच्या तोंडाशी आली होती.

दुसऱ्या सकाळी राणीचे दोन्ही दिवे धुकं कापत वळणावरून गेले. दूध वेळेत पोचलं. सीटवरचं प्लास्टिक निघालं होतं आणि पुढे केशर बसली होती, चिखलाच्या पायांनी.