करवतीच्या आतली जागा

बसा दादाजीभाऊ. दार न वाजवता नुसते खाकरलात, हे फार बरं केलंत. बांबूच्या डेपोत नवीन आलेल्या माणसाला हे आधीच सांगून ठेवावं लागतं, की या मनसारामच्या घरी कोणी दार वाजवत नाही. लोक हसतात, आम्ही हसू देतो. दिवा जरा तिकडे सरकवतो, चंदाच्या तोंडावर उजेड नको. दुपारपासून निजली आहे पोरगी. बोलायचं ते आपण हळू बोलू.

बांबूच्या या धंद्यात मी उशिरा आलो. आम्ही मूळचे धीवर, सिंदेवाहीच्या पलीकडे जंगलाच्या कुशीत आमचा तलाव. मासे आणि शिंगाडा, यावरच घर चालायचं. आणि मला लहानपणापासून करवत दिसायची.

म्हणजे असं, की बघता बघता नजरेच्या मधोमध एक चमकता ठिपका येतो. तो वाढतो, त्याला दाते फुटतात आणि अर्ध्या चंद्रासारखी वाकडी करवत डोळ्यांपुढे लखलखत राहते. करवतीच्या आतल्या बाजूला काहीच दिसत नाही. अंधारही नाही, नुसती जागाच नाही. थोड्या वेळाने ती कडेला सरकत निघून जाते आणि मग अर्धं डोकं फुटायला लागतं. सगळ्यात वाईट म्हणजे, डोळे मिटले तरी ती दिसतेच. पळून जाणार कुठे?

आईने देवऋषी केले, एका वैदूने नाकात आल्याचा रस पिळला. चांदा शहरातल्या डॉक्टरने अर्धशिशी म्हणून सांगितलं, काहींना आधी असा उजेड दिसतो म्हणाला आणि पांढऱ्या गोळ्या दिल्या. लग्नानंतर प्रेमिला आली. तिने कोणाचंच ऐकलं नाही, ती नुसती माझ्यावर पाळत ठेवून राहिली. करवत आली की आदल्या दिवसापासूनची चौकशी करायची. काय खाल्लं, किती झोपलात, कुठे बघत होतात. हळूहळू तिने चोर पकडले. उपाशी पोट, जागरण, उन्हात चमकणारं पाणी आणि मोहाच्या दारूचा वास. हा शेवटचा चोर तिने स्वतःच्या सोयीने घुसवला, असं मी तिला चिडवत असे. पण खरंच फरक पडला. सकाळी पोटभर आंबील, डोक्याला ओला दुपट्टा, ऊन तापायच्या आत घरी. करवत येईनाशी झाली. एखादे वेळी आलीच आणि बायकोचं तोंड अर्धं दिसेनासं झालं, तर ती विचारायची, कोणतं अर्धं गेलं, बोलणारं का दुसरं?

जमीनदारांची मालगुजारी गेली त्यानंतरच्या एका कार्तिकातली गोष्ट. चंदा तेव्हा पाळण्यात होती. तिला आईकडे ठेवून आम्ही दोघं शिंगाडा तोडायला निघालो. आभाळ भरलेलं होतं, पाण्यावर चमक म्हणून नव्हती. मी जेवलो होतो, रात्री नीट झोपलो होतो. करवतीला यायला काही कारणच नव्हतं.

आमच्या तलावाची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. पाण्यावर कोणी कोणाचं नाव घेऊन हाक मारत नाही. पाण्यातल्या बाया, आसरा, ऐकतात आणि नाव पाठ करून ठेवतात, असं म्हणतात. म्हणून डोंग्याच्या, म्हणजे खोड कोरून केलेल्या होडीच्या, लाकडावर दोनदा वाजवायचं, टकटक. म्हणजे, आहेस का? ऐकणाऱ्याने एकदा वाजवायचं. म्हणजे, आहे. आणि उत्तर द्यायचंच. उत्तर आलं नाही तर माणूस बुडाला समजून लोक उड्या टाकतात. त्यामुळे आमच्याकडच्या पोराचा हातसुद्धा ती टकटक ऐकली की आपोआप उठतो, विचार मागून येतो.

तलावाच्या मध्यावर डोंगा वेलीत अडकला आणि तेवढ्यात ठिपका दिसला. मी प्रेमिलाला सांगितलं. तिलाही नवल वाटलं.

"तुमी डोळे झाकून गुमान बसा," ती म्हणाली. "मी खाली उतरून वेल कापतो. वाटलं तं वाजवा, मी हावोच."

ती विळा घेऊन छातीभर पाण्यात उतरली. मी मागच्या टोकाला डोळ्यांवर दुपट्टा बांधून बसलो. दुपट्ट्याच्या आत, पापण्यांच्या आत करवत वाढत होती. वेली तुटल्याचा आवाज आला, डोंग्याला मागून धक्का बसला आणि तो सरकू लागला. मी दोनदा वाजवलं.

टक. समोरच्या टोकावरून.

बरं वाटलं. ती पुढे जाऊन ओढते आहे असं मी समजलो. थोड्या वेळाने पुन्हा वाजवलं. टक. डोंगा संथ चालला होता. चिखलाचा वास येत होता, तळाशी दडपलेल्या जुन्या चिखलाचा. मग पाण्याची घरघर ऐकू यायला लागली. ती तुडुमाची होती. पाणी सोडायची ती दगडी मोरी, आणि तिथे सगळ्यात खोल पाणी. घर तर उलट्या दिशेला...

आणि तेव्हा मागून, लांबून, काठाकडून आवाज आला. टकटक. थांबून पुन्हा टकटक. कोणीतरी झाडाच्या खोडावर विळ्याची मूठ आपटत होतं.

माझा हात उत्तराला उठला. तो वरच होता, आणि समोरच्या टोकावरूनही दोनदा वाजलं. अगदी हळू.

दादाजीभाऊ, मी दुपट्टा काढला. करवत पुरती पसरली होती. पाणी नाही, आभाळ नाही, स्वतःचे गुडघेसुद्धा नाहीत. पण आतली जागा, जिथे मला जन्मात कधी काही दिसलं नाही, तिथे डोंग्याचं पुढचं टोक लख्ख दिसत होतं. त्यावर पाठमोरी बाई बसली होती. ओले केस, खाली पाण्यापर्यंत. मी डोळे घट्ट मिटले. ती तशीच दिसली, जास्तच स्वच्छ. आणि ती हळूहळू वळायला लागली...

मी मागे वळलो आणि मागच्या लाकडावर डोंगा ढकलायचा बांबू जिवाच्या आकांताने हाणला. एकदाच.

प्रेमिला पोहत आली. वेल तुटताच डोंगा तिच्या हातून निसटला होता. मधे वेलींचं जाळं, म्हणून ती काठाने वळसा घालून आली आणि तिथूनच वाजवत राहिली. डोंगा तिने फिरवला. तिला कोणी दिसलं नाही. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "तुमी मागं होते ना... मंग डोंग्याचं तोंड काऊन खाली दबलं होतं?"

त्याच महिन्यात आम्ही तलाव सोडला. इथे विहीर आहे, तीही झाकलेली. करवत अजून येते मला, पण मी दोन्ही डोळे उघडे ठेवतो आणि प्रेमिला माझा हात धरून बसते. आतल्या जागेकडे मी बघत नाही. घरात कोणी वाजवायचं नाही हा नियम. चंदाला ती रीत आम्ही कधी सांगितलीच नाही, सांगायची नाही असंच ठरलं होतं.

आज दुपारी पोरगी दारात खेळत होती. जेवलेली, झोपलेली, सावलीत. एकाएकी प्रेमिलाकडे बघून म्हणाली, "माय, तुहं अर्धं तोंड कुठी गेलं?"

प्रेमिलाच्या हातातलं सूप पडलं. मी पोरीला उचलून आत आणलं. डोळे मिट म्हणू की उघडे ठेव म्हणू, बाप असून मला काही सुचेना. तिचे तिनेच मिटले. घरात चिडीचूप होतं, बाहेर पानही हलत नव्हतं.

मग, बघा, तिने उजवा हात पांघरुणातून बाहेर काढला आणि बोटाने जमिनीवर वाजवलं. एकदाच.