रिजेक्ट जोड

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या त्या चपला-बुटांच्या कंपनीत एक नियम होता. नवा नमुना ऑफिसातल्याच कुणीतरी घरी नेऊन वापरायचा. नापास झाला की तो कटरने तळव्यापर्यंत चिरायचा, म्हणजे कुणी गुपचूप बाजारात विकायला नको. चिरायचं काम आकांक्षाकडे होतं. ती बार्शीटाकळीहून रोज जाऊन-येऊन करायची. भुताखेतांवर विश्वास ठेवायला तिला सवडच नव्हती.

त्या दुपारी तिने अमोलने वापरलेला बूट चिरला. समोरच्या टेबलावरचा अमोल गुरासारखा ओरडला.

"माया पाय! अवो, माया पाय!"

शेजारच्या श्यामने त्याच्या पायातला त्याचा रोजचा बूट ओढून काढला. बूट धड, मोजाही धड. आत पायाचा तळवा टाचेपासून बोटांपर्यंत फाटला होता.

"खिळा लागला असन," श्याम म्हणाला. खिळा कुठेच सापडला नाही.

मग ऑफिसातल्याच तहरीमने वापरलेल्या सॅण्डलची पाळी आली. इकडे आकांक्षाने कटर ओढला आणि तिकडे कॅन्टीनमध्ये चहाचा कप घेऊन तहरीम कोसळली. फरशीवरून रक्त थेट दारापर्यंत गेलं. आकांक्षाने कटर खाली ठेवला तो पुन्हा हातात घेतला नाही.

आता नापास जोडांच्या ढिगात आकांक्षाने स्वतः घरी नेलेली चप्पल होती.

"सर, एवढा जोड राहू द्या. तुमच्या पाया पडते."

"शिकलेल्या ना तुम्ही?" पुण्याहून आलेले मॅनेजर रोहितसर खेकसले. तिने चप्पल छातीशी धरली. त्यांनी तिचा हात पिरगाळला, चप्पल हिसकावली आणि डावीच्या तळव्यात कटर खुपसून खालपर्यंत ओढला.

आकांक्षाने डोळे गच्च मिटले.

काहीच झालं नाही.

तिने पाय हलवून पाहिला. धड होता. भीती अशी एकदम उतरली की तिला रडता रडता हसू फुटलं.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटी जमुना होती.

"ताई, मायचा पाय चिरला वं! डावा! भाकरी थापून राहिली होती, नुसती बसली होती..."

आकांक्षाचं हसू विझलं. ती चप्पल तिला चावत होती, म्हणून इतके दिवस आईच घालून हिंडत होती.

"सर, थांबा..."

रोहितसरांनी उजवी चिरली.

फोनमधली किंकाळी त्यांनाही ऐकू आली. ते क्षणभर थबकले. मग त्यांनी पुढचा जोड ओढला.