परांचं वजन

मुंबई-कोलकाता हमरस्त्यावरच्या भनपुरीच्या धरमकाट्यावर, म्हणजे गाड्या तोलायच्या वजनकाट्यावर, ट्रक चढला, तेव्हा काटेवाले बाबाराव नुकतेच डबा उघडून बसले होते. मागोमाग वनखात्याची जीप थांबली आणि ज्ञानदा उतरली. शहरातल्या चौबे कॉलनीत राहणाऱ्या या अधिकारीणबाईंना एकदा संशय आला, की जेवणखाण सुचत नसे.

कागदावर सुकी मासळी होती, मुंबईहून कोलकात्याला. पोत्यांत निघाले शार्कचे नुसते कापलेले पर, कानशीसारखे खरखरीत. कायदा तसा सरळ. पर तोडून मासा समुद्रात फेकायचा नाही, आणायचा तर अख्खा आणायचा. पर देशाबाहेर तर मुळीच पाठवायचे नाहीत. पण व्यापाऱ्याचा वकील फोनवर भलताच गोड बोलला होता. मासे अख्खेच उतरले, पर नंतर कापले, माल कोलकात्यातच खपेल. कागदात खोट दाखवा, नाहीतर गाडी सोडा.

ज्ञानदाचा जीव जळत होता. गाडी आज सुटली की सीमेपार गेलीच म्हणून समजायचं.

"मॅडम, कागदावर माल अर्धा टन हाय," बाबाराव म्हणाले. "काटा तर गाडी सोडून नऊ टन दाखवून राहिला."

"बिघडला तर नाही ना, काका?"

"आत्ताच सिमेंटची गाडी बरोबर तोलली."

आकडा ठरतही नव्हता. जरा चढे, जरा उतरे, पुन्हा चढे.

"गुरं भरली असली का असा हालते," बाबाराव हळूच म्हणाले.

ज्ञानदाने पोती उतरवायला लावली. हमालांनी ती बाजूच्या कठड्यावरून काढून हसतखेळत खांद्यावर टाकली. ट्रक रिकामा झाला, तरी आकडा जवळजवळ तेवढाच राहिला. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दबलेलेच होते. ड्रायव्हर लांब जाऊन उभा राहिला.

"वजन जुळत नाही," ज्ञानदा म्हणाली. "माल जप्त."

"अन् गाडीत हाय त्याचं काय?"

तिने पुढे होऊन ट्रकचा मागचा फाळका पाडला.

आकडा एकदम उतरला. थांबला. पुन्हा उतरला.

पाटे करकरत वर आले.

रस्त्यात निजलेलं कुत्रं उठून बाजूला झालं.

काट्यावर फक्त ट्रकचं वजन उरलं.

ज्ञानदा हलली नाही. तिला भीती वाटायला हवी होती, पण वाटत होतं ते समाधान, मनापासूनचं.

"मॅडम, तुमची बाही," बाबाराव म्हणाले.

खाकी बाही कोपरापाशी ओली झाली होती, आणि कानस फिरवावी तसे तिचे धागे उसवले होते.