रोज सात शब्द

झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म भरता भरता मी एका रकान्यापाशी अडले. शेजारी एक मुलगा कुठल्याशा मशीनच्या पुस्तकाची पानं झेरॉक्स करून घेत होता. पुस्तक इंग्रजी होतं, म्हणजे याला येत असणार.

"अहो, मार्शल म्हणजे ते कराटेवालं ना?" मी विचारलं. "मला येत नाही कराटे. ‘नो’ लिहू?"

त्याने फॉर्ममध्ये डोकावलं. हसू आवरताना त्याच्या एका गालाला खळी पडली... फक्त एकाच.

"मार्शल नाही, मॅरिटल आहे ते. लग्न झालंय का, असं विचारलंय."

"कोणी?"

"फॉर्मने." मग पानं गोळा करत, खाली बघत तो म्हणाला, "सध्या तरी फॉर्मनेच."

माझं पेन हातातून निसटलं. ते शोधायला मी जरा जास्तच वेळ खाली वाकून राहिले.

त्याचं नाव सागर. राहायला शहराबाहेर, कामरेजला. एम्ब्रॉयडरीच्या मशिनी दुरुस्त करायला तो मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्या नवागामच्या कारखान्यांत यायचा. मी रूपाली अहिरे. मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, घरी मम्मीबरोबर साड्यांवर स्टोन चिकटवणारी. फॉर्म एका हॉस्पिटलच्या रिसेप्शनचा होता. दोन महिन्यांनी इंटरव्ह्यू, आणि तोही इंग्रजीत! मराठी, गुजराती, हिंदी... तिन्ही भाषांत मी भांडू शकते. इंग्रजीत मात्र जीभ टाळ्याला चिकटायची.

"तुम्ही कुठे शिकलात?" मी विचारलं.

"यातच." त्याने मशीनचं पुस्तक दाखवलं. "मशीन बंद पडायची आणि शेठ ओरडायचा. मग एकेक वाक्य लावत बसायचो. तुम्हालाही येईल."

"मला? छे!"

पण पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दिंडोलीच्या तळ्याकाठी एका बाकावर बसलो होतो. दोघांच्या मध्ये माझी वही.

"साडीच्या काठाला काय लावता?" त्याने विचारलं.

"लेस."

"रंगवायच्या आधीचं कापड?"

"ग्रे."

"आणि साडीला खालून?"

"फॉल."

"बघा! शब्द आहेत तुमच्याकडे. नुसते गोडाऊनमध्ये पडलेत. फॉल म्हणजे पडणं. पाऊस पडतो, भाव पडतो, माणूस पडतो..."

"कशात?" मी मुद्दामच विचारलं.

"खड्ड्यात," तो घाईघाईने म्हणाला. पण कान लाल झालेले.

त्याचे नियम साधे होते. रोज सातच शब्द. प्रत्येकाचं स्वतःच्या घरातलं, स्वतःच्या गल्लीतलं एक वाक्य करायचं, आणि ते मोठ्याने म्हणायचं. सकाळी उठल्यावर नवं काही नाही, आधी कालचं.

"आठवा शब्द शिकला तर?"

"आठवा नको. आधीचे सात आठवा."

मला कळायला एक क्षण लागला. मग मी इतकी हसले की बाजूच्या बाकावरच्या आजी वळून बघायला लागल्या.

मला नादच लागला. हातात स्टोन, ओठांवर शब्द. मम्मी म्हणायची, "ही पोरगी भिंतीशी बोलते." तिला काय सांगू... भिंतीच्या जागी मला एका गालाची खळी दिसायची.

"आजचा शब्द पेशंट," एकदा तो म्हणाला. "पेशंट म्हणजे आजारी माणूस. आणि पेशंट म्हणजे धीर धरणाराही."

"तुम्ही त्यातले कोणते?"

तळ्याच्या पाण्याकडे बघत तो म्हणाला, "दोन्ही."

हिवाळा आला. कागदात पोंक, म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडा, आणि वर शेव घेऊन आम्ही दाणे मोजल्यासारखे सावकाश खायचो, संध्याकाळ संपू नये म्हणून. मी आता मेसेजही इंग्रजीत पाठवायला लागले होते. एका शुक्रवारी लिहिलं, ‘आय विल सी युअर रोड.’ मी तुमची वाट पाहीन. त्याने नुसतं ‘ओके’ पाठवलं, पण त्या दिवशी तो अर्धा तास आधीच आला. मग दर शुक्रवारी मी तेच वाक्य पाठवत राहिले.

इंटरव्ह्यूला समोर तिघे बसले होते. सुरुवात छान झाली. मग मॅडमनी विचारलं, डॉक्टरांना उशीर झाला तर पेशंटला काय सांगाल?

"आय विल से, प्लीज सी डॉक्टर्स रोड."

एका सरांनी खरोखरच खिडकीतून रस्त्याकडे बघितलं. मॅडमनी तोंडाला रुमाल लावला. काय चुकलं ते मला कळेना, आणि पुढचे सगळे शब्द कुठल्या कुठे उडून गेले.

नोकरी मिळाली नाही. घरी येऊन डिक्शनरीत शोधलं, तेव्हा चूक सापडली.

"तुम्हाला माहीत होतं?" शुक्रवारी मी उभ्या उभ्याच विचारलं.

"...हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ‘वेट’ लिहिलं असतं. बससाठीही माणसं वेट करतातच. पण कामरेजहून येणारा माझा रस्ता कोणीतरी बघत बसलंय... असं मला कधी कोणी लिहिलं नव्हतं."

तरीही मी म्हणाले, "तुम्हाला गोड वाटलं. नोकरी माझी गेली."

आणि मागे न बघता घरी आले.

तीन आठवडे आम्ही बोललो नाही. सात शब्द मात्र एकही दिवस चुकले नाहीत. रागात शिकलेले शब्द पक्के बसतात, हे तेव्हा कळलं.

एका रविवारी दार वाजलं. वडील नुकतेच लूमच्या कारखान्यातून आले होते. त्यांनी दार उघडून गावाकडच्या बोलीत विचारलं.

"कोन शे?"

"मी सागर. रूपालीची चूक... म्हणजे माझी चूक द्यायला आलोय."

वडिलांच्या हातात एक वही ठेवून तो पाणीही न पिता गेला. वहीत माझी आजवरची सगळी चुकलेली वाक्यं होती, समोर बरोबर वाक्य, खाली कारण. रोडचं वाक्य पहिल्याच पानावर होतं. तिथे लिहिलं होतं, ‘यात चूक माझी. पुन्हा होणार नाही.’

वडिलांनी वही उलटीसुलटी करून पाहिली. "पोऱ्या घाबरेल शे," ते म्हणाले, "पन खोटा नही."

त्या वहीवरच मी दुसऱ्या हॉस्पिटलच्या इंटरव्ह्यूची तयारी केली. तिथे विचारलं, तुम्हालाच का घ्यावं? मी म्हणाले, "मॅडम, आय मेक मिस्टेक्स. आय राइट देम डाउन. आय डोन्ट रिपीट देम." वाक्य सरळ उभं राहिलं.

नेमणुकीचा फोन आला तेव्हा मी त्याला मराठीत मेसेज केला. ‘तळ्यावर या.’

तो येऊन बाकावर माझ्या शेजारी बसला. कपाळाला ग्रीस लागलेलं, श्वास चढलेला. बातमी ऐकून त्याचे डोळे भरून आले. ते लपवायला तो खिशात रुमाल शोधत राहिला.

"एक सांगायचंय," मी म्हणाले. "उद्यापासून मला शिकवायला येऊ नका."

त्याचा हात खिशातच थांबला. "बरोबर आहे. आता गरज नाही..."

"ऐका तरी."

"हं?"

चार महिन्यांत एकदाही मी त्याला एकेरी हाक मारली नव्हती.

"नुसता ये."

तो काहीतरी बोलायला गेला, पण त्याला कुठल्याच भाषेत जमेना. मग त्याने हळूच आपला हात बाकावर उताणा ठेवला, आणि मी माझा त्यावर ठेवला.