अरुंद चाकं

वात जरा वर करा, आज वीज लवकर यायची नाही. हां, आता दिसेल तुम्हाला. खुंटीवरचा तो राखाडी स्वेटर. बघा, पण हात लावू नका.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. विशालबरोबर मी खानवेल रस्त्यावर सुकदेवच्या टायरच्या दुकानात गेले होते. विशाल माझा एकुलता एक. गलोंड्याच्या कारखान्यात कायम झाला आणि चिरंजीवांनी लगेच एक जुनी जिप्सी दारात आणून उभी केली. तिला टायर घ्यायचे होते, कारण साहेब निघाले होते मनालीला. तेही भर थंडीत.

"मॅडम, रुंद टायर घ्या," सुकदेव म्हणाला. तो धुळ्याकडचा. "गाडीले रुबाब येतो, अन् चिखलात फसाचं टेन्शनच नही."

"आणि बर्फात?"

"बर्फ?" तो हसला. सिल्वासात बर्फ म्हणजे उसाच्या रसात घालतात तेवढाच. "चिखल काय अन् बर्फ काय मॅडम, घसरनं सेमच ना."

नेमका हाच हिशेब माझ्या यजमानांनी केला होता.

हे बांधकाम खात्यात ओव्हरसियर. धरणाच्या कामावर दुधनीच्या चिखलात यांची जीप रोज रुतायची. मग हौसेने रुंद चाकं बसवली आणि जीप कधी रुतली नाही. त्याच भरवशावर त्र्याऐंशीच्या जानेवारीत बर्फ बघायला गेले. बरोबर येणारे ऑफिसातले दोघे ऐनवेळी फिरले, तर हे एकटेच. हट्टी माणूस! मी विणलेला स्वेटरसुद्धा हे इथे खुंटीवरच विसरले. इथे कुणाला लागतो हो स्वेटर? हे तर बारा महिने अर्ध्या बाह्यांच्या बुशशर्टात.

मनालीच्या वरच्या एका वळणावर जीप दरीत गेली. दीर जाऊन आले. तिथल्या ड्रायव्हरने त्यांना सांगितलं, अरुंद चाक बर्फ कापत खालचा रस्ता धरतं, रुंद चाक वरच्यावर तरंगतं. बर्फात चाकांना बांधायच्या साखळ्या नेल्या होत्या, पण रुंद टायरवरून मडगार्डखाली त्या बसेचनात. जीप सापडली. हे सापडले नाहीत. दर्भाचा पुतळा करून आम्ही त्यालाच अग्नी दिला. गवताला रडता येत नाही मला. रडायची राहूनच गेले होते मी.

जीपची मूळची अरुंद चाकं मात्र इथे डोकमर्डीच्या घरी, मागच्या खोलीत गोणपाटाखाली पडून होती.

"विशाल, रुंद नको," मी दुकानातच म्हटलं.

"आई, बाबांचं नशीब होतं ते. मला फक्त ते वळण बघायचंय. एकदाच."

रुंद टायर बसले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मागच्या खोलीच्या दाराखालून पाणी आलं. वर पत्रे तापलेले, नळ दुसऱ्या टोकाला. मी दार उघडलं. आत पहाटेसारखा गारवा आणि ओल्या लोखंडाचा वास. गोणपाट उचललं, तर चाकांवर पांढरा थर. बोट लावलं तर चिकटलं, सोडवताना कातडी सोलली. मीठ असेल, असं स्वतःला समजावत मी दार लावून घेतलं. मिठाला बोट चिकटत नाही, हे मला कळत होतं.

संध्याकाळी देवाजवळ दिवा लावताना अंगणात काहीतरी गडगडत गेलं. जड... सावकाश. थोडं थांबलं. पुन्हा एक. मी जागची हलले नाही.

विशाल कामावरून आला आणि अंगणातूनच त्याने हाक मारली. जिप्सीच्या चारी बाजूंना एकेक अरुंद चाक टेकवून ठेवलं होतं. मातीत ओल्या रेघा होत्या.

"आई... एवढी जड चाकं तू एकटीने ओढलीस?"

मी बोट पदरात लपवायला गेले. माझं सोललेलं बोट बघून तो खाली बसला आणि पोरासारखा रडला. "बरं बाई, हीच लावतो."

जीपच्या चाकांना जिप्सीचे बोल्ट तंतोतंत बसतात, हे मलाही तेव्हाच कळलं. चिरलेले जुने टायर काढून सुकदेवने त्यावर नवे अरुंद टायर चढवले. गाडीची शोभा गेली म्हणून तो हळहळला. निघताना मी खुंटीवरचा स्वेटर विशालच्या बॅगेत कोंबला. पुढचे दिवस कसे काढले, ते माझं मला ठाऊक.

विशाल परत आला. धडधाकट आला. पण जेवताना खाली मान घालून बोलत होता.

"त्या वळणावर गाडी घसरली, आई. दरीकडेच निघाली होती. मग चाकांनी रस्ता धरला... आणि मागून कुणीतरी गाडी धरली. उतरलो तर मागच्या चाकाजवळ एक माणूस. त्या थंडीत अर्ध्या बाह्यांचा शर्ट. चाकावरून हात फिरवत मराठीत म्हणाला, बरं केलंस, हीच लावलीस."

माझा घास हातातच राहिला.

"किती कुडकुडत होता... मी तो स्वेटर दिला. त्याने घातला, पण बटणं एक घर चुकवून लावली. मी म्हटलं, काका, बटण चुकलं. तर म्हणाला, चुकतंच माझं. घरी ती लावून देते."

हे रोज बटणं चुकवायचे. रोज सकाळी दारात उभं राहून मी ती सोडायची आणि नीट लावायची. विशाल तेव्हा लहान, शाळेत गेलेला असायचा. त्याला हे ठाऊक असायचं कारण नाही.

त्या रात्री मी पोटभर रडले. इतक्या वर्षांनी, गवतासाठी नाही.

सकाळी उठले तर स्वेटर खुंटीवर. ओलाचिंब, आणि बटणं एक घर चुकलेली. मी ती सोडून नीट लावली. दुसऱ्या सकाळी पुन्हा चुकलेली. वर्ष होत आलं. एवढ्या उन्हाळ्यात तो स्वेटर वाळला नाही. आणि मी तरी काय करणार, रोज बटणं लावते.

तुम्हाला हात लावू नका म्हटलं, त्याचं कारण वेगळं आहे. आज सकाळी शेवटचं बटण लावत होते... आणि माझ्या बोटांखाली लोकर हळूच वर आली, खाली गेली. पुन्हा वर आली.