बाहेरचे आवाज

धाकटीच्या कानांचं आणि बाजाराचं कधी जमलंच नाही. डावा कान उजव्यापेक्षा लहान, त्यामुळे आजवर घेतलेले इअरबड एक तर अर्ध्या तासात गळून पडायचे, नाहीतर दुपारपर्यंत कान लालबुंद करायचे. पण आता तिला दिवसभर कानात राहतील असेच हवे होते, आणि त्याला कारण आई होती.

पाच महिन्यांपूर्वी आई न्हाणीघरात पडली. दादा परगावी, त्याचं म्हणणं, "आता तिला एकटी ठेवायची नाही." आईचं म्हणणं, "मला माझ्या घरातून हलवू नका." धाकटी मध्ये पडली आणि आईला शब्द देऊन बसली, की नाही हलवणार, मी लक्ष ठेवीन. तेव्हापासून रोज सकाळी नऊला फोन लागायचा तो संध्याकाळी पाचपर्यंत चालूच. बोलायचं असं विशेष नसे. शहराच्या त्या टोकाला आई खुर्चीत बसून विणायची, या टोकाला धाकटी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासायची, आणि दोघी एकमेकींच्या घराची चाहूल घेत राहायच्या.

दुकानदार चिकाटीचा निघाला. त्याने डाव्या कानासाठी तीन रबरी टोप्या बदलून पाहिल्या, मान हलवायला लावली, वर जांभई द्यायला सांगितली. भर दुकानात जांभई काही केल्या येईना, तेव्हा त्यानेच देऊन दाखवली.

"बाहेरचे आवाज आत येतील अशी सोय चालू ठेवतो," तो म्हणाला. "एकट्या असता ना? दाराची बेल तरी ऐकू येईल. नको असेल तेव्हा इथे बोट दाबून धरायचं."

खरंच नामी वस्तू होती. दोन दिवसांत धाकटी ती घालूनच आंघोळीला निघाली होती. काही घातलंय हेच तिच्या लक्षात राहीना.

तिसऱ्या दिवशी तिला सपातांचा आवाज आला. फरशीवरून पाय ओढत कोणी चालावं तसा. एक पाय सरके, मग दुसरा टेके.

"आई, काठी घेतलीस ना?"

"कशाला?"

"चालतेयस म्हणून विचारलं."

"मी खुर्चीत आहे गं. येरझारा तुझ्याच चालल्यात सकाळपासून. जरा बूड टेक की एका जागी!"

धाकटी नऊपासून जागची हलली नव्हती. शिवाय घरात ती अनवाणी असे. आई चोरून चालते आणि वर माझ्यावरच ढकलते, असं समजून ती रागावली. तिने पुन्हा मुद्रितांत डोकं घातलं.

पुढचे दोन दिवस तेच. धाकटीचा पेशाच चुका पकडण्याचा. कुठे काही बसत नसलं की तिला चैन पडत नसे. ती पेन्सिल ठेवून ऐकत बसली. विणायच्या सुयांची टिकटिक स्पष्ट येत होती, म्हणजे आई खुर्चीतच होती. आणि त्याच वेळी सपाताही चालत होत्या.

म्हणजे आईच्या घरात दुसरं कोणीतरी होतं.

पावलं जवळ आली, थांबली. आता श्वासही ऐकू येत होता, अगदी फोनवर वाकून कोणी उभं असावं तसा.

"आई, दार लावलंयस?"

"आतून कडी आहे. का गं?"

धाकटी मिळेल त्या टॅक्सीने निघाली. आईला काठी टेकत येऊन कडी काढायला इतका वेळ लागला की तेवढ्यात धाकटीचा जीव अर्धा झाला. तिने पलंगाखाली पाहिलं, कपाटं उघडली, न्हाणीघर पाहिलं. कोणी नव्हतं. तरी तिचं मन घेईना. तासाभरात आईची बॅग भरून झाली होती.

"शब्द दिला होतास," आई म्हणाली.

"थोडे दिवस फक्त."

परतीच्या वाटेवर आई खिडकीकडे तोंड करून बसली. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण जिवापेक्षा शब्द मोठा नाही, असं तिने स्वतःला बजावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई धाकटीच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपली होती. टेबलापासून पलंग चार पावलांवर. बाहेर लख्ख ऊन, खाली रस्त्यावर कोणी गाडी धूत होतं. किती दिवसांनी धाकटीचं कामात लक्ष लागलं.

सपाता वाजल्या.

"आलेच, आई," ती सवयीने म्हणाली, आणि मग तिचा हात जागीच थांबला. आई समोर झोपली होती. तिने फोन पाहिला. तो बंद होता.

इअरबड मात्र कानात होते. सकाळी सवयीने घातलेले. तिने इअरबडवर बोट दाबून धरलं. बाहेरचे आवाज बंद झाले. गाडीवरचं पाणी थांबलं. सपाताही थांबल्या.

तिने पुन्हा बोट दाबलं.

पाणी. सपाता.

आवाज आईच्या घरातला नव्हताच. एकही दिवस नव्हता. आई तिकडे सुखरूप होती, आणि तिला इथे आणलं होतं धाकटीनेच.

पावलं तिच्या खुर्चीमागून निघाली. टेबलाला वळसा घातला. पलंगाकडे वळली.

धाकटी खुर्चीतून अर्धवट उठली.

पावलं थांबली. पलंग करकरला.

"चालून चालून दमलीस ना," आई झोपेतच पुटपुटली. "ये, पड जरा."

आई भिंतीकडे सरकली. तिचा हात मागे आला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर हलकेच थोपटू लागला.

चादरीला तो टेकत नव्हता. वीतभर वरच थांबत होता.